दुष्काळी कामाची अट आणि तींतून सूट मिळालेलीं माणसें

१. विषयप्रवेश

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर हवेली तालुक्यांत धायरी हें गांव आहे. २०१७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि आज तेथें शेतांच्या जागीं इमारती दिसतात. परंतु या बाजूनें जाणारा मुठेचा उजवा कालवा अजून आपल्या जुन्याच मार्गानें वाहत आहे. खडकवासल्याच्या धरणांतून निघालेला हा कालवा धायरी, वडगांव, पर्वती या अंगानें पुणें शहराच्या दक्षिणेस येतो व तेथून पूर्वेकडील कोरड्या मुलुखांत शिरतो. त्याचें जादा पाणी सांठविण्याकरितां हल्लींच्या दौंड तालुक्यांत पिंपळगांवाजवळ माटोबा तलाव बांधलेला आहे. हा तलाव १८७६-७८ च्या दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून हातीं घेण्यांत आला. धायरीवरून वाहत जाणारें पाणी ज्या बांधाला अडतें, तो बांध उपाशी माणसांनीं डोक्यावर माती वाहून घातलेला आहे.

ज्यांनीं माती वाहिली त्यांची खूण याप्रमाणें जमिनीवर राहिली. पण ज्यांच्यानें पाटी उचलवत नव्हती त्यांचें काय झालें? आंधळा, पांगळा, म्हातारी, तान्ह्या मुलाची आई, आजाऱ्याच्या उशाशीं बसलेली सून, यांनीं कोणता बांध घातला नाहीं. काम केल्याशिवाय अन्न नाहीं, हा त्या काळचा नियम होता. या लोकांस त्या नियमांतून सूट होती. ती सूट कोणास, कोणत्या शब्दांनीं, कोणाच्या निर्णयानें मिळे, हें समजून घेणें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस या विषयाचा एक व्यावहारिक उपयोगहि आहे. तो शेवटच्या कलमांत सांगूं.

२. जुनी रीत

दुष्काळ आमच्या देशास नवे नाहींत. दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडीं अद्याप आहे. १६३० सालच्या दुष्काळानें तुकोबांच्या संसाराची वाताहत झाल्याचें परंपरा सांगते. १७९०-९२ च्या दुष्काळास कर्नाटकाकडील भागांत कवटीचा दुष्काळ असें भयंकर नांव पडलें. अशा वेळीं अन्न देण्याची जी रीत होती ती दानाची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं सरकारी कोठारें खुलीं केलीं, ही भक्तिपरंपरेंतील कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेंत धान्य नेणारास कोणी काम सांगत नाहीं. अन्नछत्राचा धर्महि तोच; पंक्तीस बसलेल्यास तूं कष्ट कां करीत नाहींस असें विचारणें अधर्म समजला जाई.

मात्र जुनें दान अगदीं विनाअट होतें असें समजणें चुकीचें होईल. पर्वतीजवळील रमण्यांत पेशवे श्रावणमासांत दक्षणा वाटीत. ती घेणारा कोण, कोणत्या जातीचा, किती शिकलेला, हें तेथें पाहिलें जाई. म्हणजे जुनें दान ‘तूं कोण आहेस?’ असें विचारी. दुष्काळी काम ‘तुझ्यानें काय होतें?’ असें विचारूं लागलें. हा फरक आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे.

याच संदर्भांत दुसरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या सनदांतून वेठबेगार माफ केल्याचीं कलमें आढळतात, हें संग्राहकांस सांगावयास नको. तेथें कामाची माफी हा मानाचा भाग होता. इनामदारास, देवस्थानास, वतनदारास ती कृपा म्हणून मिळे. दुष्काळी कामांतील माफीचें स्वरूप नेमकें उलट. ती मिळविण्यास माणसाला आपली असमर्थता दाखवावी लागे. ‘माफ’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो. परंतु एका माफीनें मान वाढे, तर दुसरीनें तो जाई.

३. शके १७९८

१८७६ सालीं (शके १७९८, धाता संवत्सर, फसली १२८६) पावसानें दगा दिला. पुणें जिल्ह्यांत पश्चिमेकडील मावळापेक्षां पूर्वेकडील इंदापूर, भीमथडी, शिरूर व पुरंदर या भागांस अधिक झळ लागली. मुंबई सरकारनें रस्ते, तलाव, कालवे अशीं कामें काढिलीं. आरंभीं रोजमुरा पुरुषास दोन आणे, बाईस दीड आणा व काम करूं शकणाऱ्या मुलास एक आणा असा होता. नोव्हेंबरच्या मध्यास धान्य रुपयास सोळा पौंडांहून महाग झालें, तेव्हां भावाप्रमाणें बदलणारा दर लागू झाला. पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व शिवाय एक आणा मिळावा, असें त्याचें सूत्र होतें.

१८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल हे हिंदुस्थान सरकारचे खास प्रतिनिधि म्हणून दुष्काळी प्रांतांत आले. तेच पुढें त्याच वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले. खर्चाचा आळा हा त्यांच्या कामगिरीचा मुख्य भाग होता. १९ जानेवारीपासून मुलकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील कामांवर पुरुषास वरचा एक आणा मिळत असे, त्याचा अर्धा आणा झाला. बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर दर पूर्वींचाच राहिला. पण तेथें नेहमींच्या मजुराच्या पाऊणपट काम करावें लागे. मुलकी कामांवर निम्म्या कामाची अपेक्षा असे. धडधाकट माणसांनीं घर सोडून लांबच्या मोठ्या कामांवर जावें आणि दुबळ्यांनीं जवळच्या मुलकी कामावर थोडें करावें, अशी ही विभागणी होती.

या मजुरीचा हिशेब एकदां मांडून पाहणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. धान्य रुपयास सोळा पौंड असतां एका पौंडास एक आणा पडतो. जुन्या दरानें पुरुषास दोन आणे, म्हणजे दोन पौंड धान्याची किंमत मिळे. नव्या दरानें दीड आणा, म्हणजे दीड पौंडाची. आतां भाव रुपयास आठ पौंडांवर गेला असें धरूं. पौंडास दोन आणे पडले. जुन्या दरानें तीन आणे, म्हणजे दीड पौंड. नव्यानें अडीच आणे, म्हणजे सवा पौंड. एक पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे, ऐशीं तोळ्यांच्या शेराच्या मानानें अर्ध्या शेरास किंचित् कमी. सवा पौंड म्हणजे सुमारें ४९ तोळे. यांतच मीठमिरची, सरपण व तेल आलें, आणि ज्याला काम नाहीं असें घरचें माणूस असेल तर त्याच्या तोंडचा घांसहि यांतूनच निघावयाचा.

मजुरी उतरतांच व लांबच्या कामावर जाण्याची सक्ति होतांच हजारों मजूर कामें सोडून गेले. पुणें सार्वजनिक सभेनें या प्रकरणीं सरकारकडे दाद मागितली. तुरुंगांतील कैद्याच्या शिध्याशीं दुष्काळी मजुराच्या शिध्याची तुलना त्याच वादांत पुढें आली. सरकारी पक्षाचें म्हणणें असें कीं, जो कमी मजुरीस नकार देतो तो खरा गरजू नव्हे. कष्ट हीच गरजेची कसोटी. सभेचें म्हणणें असें कीं, अपुऱ्या अन्नावर कष्ट घेतल्यास माणूस कसोटीस उतरण्यापूर्वींच खचतो.

४. असमर्थ कोणास म्हणावें?

हा वाद केवळ मजुरीच्या दरापुरता होता असें वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें कामांतून सूट कोणास, या प्रश्नाचा गाभा याच वादांत आहे. नियम करणारांनीं माणसांचे दोन वर्ग कल्पिले: एक सशक्त, त्यानें काम करावें, दुसरा अशक्त, त्यास फुकट शिधा मिळावा. हे वर्ग जणूं जन्मतः ठरलेले आहेत, पाहतांक्षणींच ओळखूं येतात, असें गृहीत धरलें गेलें. आंधळ्या-पांगळ्यांच्या बाबतींत तें बरोबरहि होतें. परंतु दुष्काळांत बहुतेक माणसें या दोन वर्गांच्या मधल्या उतरणीवर असतात. कार्तिकांत खडी फोडणारा गडी अर्ध्या शेरावर राबून माघांत पाटीहि उचलूं शकत नाहीं. तो सशक्त कीं अशक्त? मजुरीचा दर, कामाचें अंतर आणि मदत कोणत्या महिन्यांत सुरू झाली, या तीन गोष्टी त्याचा वर्ग ठरवितात. म्हणजे ज्या नियमानें अशक्तास सूट दिली, तोच नियम कडकपणें चालविल्यास अशक्त निर्माणहि करी. हें सूत्र मनांत ठेविल्याशिवाय पुढील कायदेकानू वाचूं नयेत.

हा विचार केवळ आमच्या देशापुरता नव्हता. इंग्लंडांत १८३४ च्या कायद्यानें सशक्त दरिद्र्यास घरीं मदत न देतां अनाथगृहांत कामास लावण्याचें धोरण आलें. आयर्लंडच्या दुष्काळांत १८४६-४७ च्या हिवाळ्यांत उपाशी लोकांस रस्त्यांच्या कामावर लाविलें. त्यांच्यानें तें झेपेना, तेव्हां १८४७ सालीं कामाची अट सोडून शिजविलेलें अन्न वांटावें लागलें. या अनुभवानंतर तीस वर्षांनीं दख्खनमध्यें पुन्हां तोच धडा गिरवावा लागला.

५. दुष्काळनिवारणाच्या संहितेंतील यादी

१८७६-७८ च्या दुष्काळांत ब्रिटिश हिंदुस्थानांत सरकारी अदमासाप्रमाणेंच पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें, त्याचा अहवाल १८८० सालीं आला, आणि त्यावरून १८८३ सालीं हिंदुस्थान सरकारनें दुष्काळनिवारणाची एक नमुना संहिता प्रांतांकडे धाडिली. तीवरून प्रांतांनीं आपापल्या संहिता केल्या. लोक त्यांस ‘फॅमिन कोड’ म्हणत. ज्यांच्या अंगीं कामाची शक्ति आहे त्यांस काम व मजुरी, ज्यांच्या अंगीं ती नाहीं त्यांस आपल्या गांवींच फुकट मदत, हें या संहितांचें मूळ तत्त्व. फुकट मदतीस पात्र माणसें साधारणतः अशीं सांगितलीं आहेत:

(अ) वेडीं व जन्मतः मतिमंद माणसें.

(आ) लुळीं-पांगळीं व आंधळीं माणसें.

(इ) वार्धक्यानें किंवा शरीराच्या दुर्बलतेनें ज्यांस आपलें पोट भरतां येत नाहीं अशीं माणसें.

(ई) घरीं आजाऱ्यापाशीं किंवा तान्ह्या मुलांपाशीं ज्यांचें राहणें अत्यंत जरूर आहे अशीं माणसें.

(उ) रूढीनें ज्यांस लोकांत वावरतां येत नाहीं अशा, निराधार व उपाशी असलेल्या, पडद्यांतील स्त्रिया.

यांखेरीज कामावर येणाऱ्या मजुरांच्या काम न करणाऱ्या लहान मुलांस व अवलंबून असलेल्या माणसांस कामाच्या जागींच अन्न किंवा पैसे देण्याची तजवीज होती. सांभाळ करण्यास बांधलेले नातलग ज्यांस आहेत त्यांचा भार सरकारनें घेऊं नये, असाहि दंडक होता.

या यादीचीं कलमें एकेक घेऊन पाहूं. पहिलीं दोन स्पष्ट आहेत. तिसऱ्या कलमांत सर्व विवादाचें मूळ आहे. वार्धक्य किती वर्षांचें व दुर्बलता किती, हें पाहणाराच्या नजरेवर राहिलें. शिवाय संहितेनें मजुरांतच दुबळ्यांचा एक वेगळा वर्ग मानून त्यांस हलकें काम देण्याची सोय केली होती. त्यामुळें एकच म्हातारा एका अधिकाऱ्याच्या हातीं फुकट शिध्याच्या यादींत जाई, तर दुसऱ्याच्या हातीं हलक्या कामाच्या हजेरीपटावर.

चौथें कलम आमच्या दृष्टीनें सर्वांत शहाणपणाचें आहे. अंगीं बळ असूनहि बाईस कामावर जातां येत नाहीं, कारण ती गेली तर घरीं दुसरें कोणी मरतें, ही गोष्ट त्यांत मान्य केलेली आहे. आजाऱ्याची शुश्रूषा व लेकरांचें संगोपन हेंहि एक काम आहे, असें सरकारी कागदांत याहून अगोदर क्वचितच कोणी लिहिलें असेल. शब्द मात्र ‘अत्यंत जरूर’ असा आहे. सासू जिवंत आहे, मग सुनेनें घरीं कां राहावें, असें विचारणारास तो शब्द मोकळीक देतो.

पांचवें कलम जुन्या दानपद्धतीचा अवशेष होय. ‘तूं कोण आहेस?’ हा प्रश्न येथें मागील दारानें पुन्हां आंत आला. मातीची पाटी उचलण्यांत अप्रतिष्ठा मानणाऱ्या घरांतील स्त्रीस सूट. पण पिढ्यान्पिढ्या माती उचलणाऱ्या घरांतील स्त्रीचें शरीर तितकेंच खंगलें तरी तिला हें कलम उपयोगी नाहीं.

६. यादी कोण करी?

गांवच्या फुकट मदतीची यादी गांवकामगार, म्हणजे पाटील व कुळकर्णी, तयार करीत. मंडळावरील तपासनीस ती तपाशी. वर मामलेदार व कलेक्टर. कायद्याचें कलम कितीहि विचारपूर्वक लिहिलेलें असो, धायरीसारख्या गांवीं त्याचा अर्थ चावडीवर ठरावयाचा. पाटलाशीं ज्याचा तंटा आहे, ज्याचें घर गावकुसाबाहेर आहे, ज्याला उठून चावडीपर्यंत येण्याची शक्ति नाहीं, त्याचें नांव यादींत येण्यास दुसऱ्या कोणाची तरी सदिच्छा लागे. अशक्तांची यादी करण्यासाठीं अशक्तांनीं हजर राहावें, ही विसंगति वरिष्ठांच्या ध्यानांत आली होती. म्हणून तपासनिसानें स्वतः गांवोगांव फिरावें असें ठरविलें गेलें. तपासनीस कसा माणूस आहे, यावर कित्येकांचें जगणें अवलंबून असे.

जे गांव सोडून भटकत निघाले त्यांस कोणत्याच यादींत जागा नसे. त्यांच्यासाठीं गरीबखाने होते. सशक्त असून काम नाकारतो असा ज्याच्याविषयीं संशय, त्यासहि तेथेंच धाडीत. आश्रय आणि शिक्षा एकाच छपराखालीं आल्यानें लोकांस गरीबखान्याचें भय वाटे.

यादीच्या बाहेर राहणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी होती. आईबाप मेले किंवा कामाच्या शोधांत परागंदा झाले, म्हणजे मजुरांचीं मुलें म्हणून मिळणारा शिधाहि त्यांस मिळेना. या ठिकाणीं धायरीच्या शेजारची एक हकीकत नोंदविली पाहिजे. धायरीच्या पूर्वेस आंबेगांवापलीकडे धनकवडी हें गांव आहे. १८७७ सालीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें दुष्काळांतील निराधार मुलांकरितां तेथें व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला, आणि त्याच्या मदतीसाठीं जोतीरावांनीं त्या वर्षीं मे महिन्यांत लोकांस आवाहन केलें. त्याच्या आदल्या महिन्यांत सावित्रीबाईंनीं जुन्नर तालुक्यांतील ओतूरहून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत तिकडील दुष्काळाची स्थिति वर्णिली आहे. मुलाला अन्न देतांना काम, जात अथवा बापाचें नांव विचारूं नये, हें तत्त्व सरकारी संहिता होण्यापूर्वीं धनकवडीस आचरणांत आलेलें होतें.

७. संहिता लोकांच्या हातीं

शके १८१८ (इ. स. १८९६) मध्यें पुन्हां दुष्काळ पडला. या वेळीं कोड छापलेलें होतें. पण तें इंग्रजींत, आणि ज्यांच्यासाठीं तें केलें त्यांस ठाऊक नव्हतें. सार्वजनिक सभेनें व टिळकांच्या केसरीनें त्यांतील तरतुदी मराठींत समजावून देण्याचा उद्योग आरंभिला. सभेचे कारकून गांवोगांव गेले. काम मागण्याचा तुम्हांस हक्क आहे, आणि काम न होणाऱ्यास गांवींच अन्न देण्यास सरकार बांधलेलें आहे, असें त्यांनीं रयतेस सांगितलें. सरकारला हा उद्योग रुचला नाहीं. सभेच्या कांहीं माणसांवर खटले झाले, आणि १८९७ सालीं सभेची सरकारमान्यता काढून घेण्यांत आली. ज्या संहितेचा सरकारास अभिमान होता, तीच मराठींत वाचून दाखविणें हा अपराध ठरला.

याच वेळीं विणकरांचा प्रश्न उभा राहिला. सोलापूर व नगर येथील विणकर शरीरानें सशक्त, म्हणून नियमाप्रमाणें त्यांनीं खडी फोडावी. पण ज्या बोटांनीं सूत धरावयाचें तीं बोटें हातोड्यानें बिघडलीं तर दुष्काळ संपल्यावरहि त्यांचा धंदा बुडावयाचा. त्यांस त्यांच्याच मागावर काम द्यावें अशी मागणी झाली. टिळकांनीं सोलापुरास जाऊन तशी योजनाहि मांडिली. विणकरांस त्यांच्या धंद्यांत मदत देण्याचे प्रयोग पुढें मुंबई इलाख्यांत झाले. सशक्त व अशक्त या दोन खणांत न बसणारा माणूस असतो, हें यावरून दिसून येतें.

शके १८२१ (इ. स. १८९९-१९००) च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत, विशेषतः गुजराथेंत, ठरलेलें काम पुरें न करणाऱ्यास किमान मजुरीहूनहि कमी देण्याची दंडाची पद्धति चालू होती. काम कां पुरें झालें नाहीं, आळसानें कीं अशक्ततेनें, हें मुकादमानें मोजपट्टी लावून ठरवावयाचें. इंग्रज पत्रकार व्हॉन नॅश यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या पद्धतीवर कडक टीका केली. वर चौथ्या कलमांत सांगितलेलें सूत्र येथें पुरतें खरें झालें: दंडाची मजुरी खाऊन आज अर्धें काम करणारा उद्यां पाव काम करी, आणि परवां तो फुकट शिध्याच्या यादींत जाई, तीहि यादी करणाराच्या दृष्टीस पडला तर.

८. पुढील काळ

१९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत कामांवरील मजुरांची संख्या एका वेळीं पन्नास लाखांच्या घरांत पोंचली होती. त्या काळीं कामावर वांटलेली सुकडी अनेक वाचकांच्या स्मरणांत असेल. वि. स. पागे यांनीं मांडलेल्या व १९६५ सालीं तासगांव भागांत प्रथम अजमाविलेल्या विचारास या दुष्काळानें बळ आलें. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. कामाची सक्ति जाऊन कामाचा हक्क आला. तथापि ज्यांच्यानें काम होत नाहीं त्यांचा प्रश्न शिल्लक राहिलाच, आणि १९८० सालीं त्यांच्याकरितां महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. १८८३ च्या संहितेंतील आंधळे, पांगळे, निराधार हे त्या योजनेंत नव्या नांवांनीं पुन्हां भेटतात. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें स्वस्त धान्याचा हक्क दिला, त्यास कामाची अट नाहीं.

परंतु ही अट जगांतून गेलेली नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी अन्नसाहाय्यास ती लागू आहे. तेथील सामान्य नियमांत शरीरानें वा मनानें कामास असमर्थ असलेल्यास सूट आहे, तशीच सहा वर्षांखालील मुलाचा किंवा असमर्थ माणसाचा सांभाळ करणारासहि आहे. हवेली तालुक्याच्या चावडीवर लागू होणारें तिसरें व चौथें कलम सातासमुद्रांपलीकडे जवळजवळ त्याच अर्थानें वाचावयास मिळतें. अन्नाला कामाची अट घातली कीं सुटीची यादी करावी लागते, आणि यादी केली कीं ‘किती अशक्त?’ आणि ‘कोण म्हणतो?’ हे दोन प्रश्न उभे राहतात.

९. संग्राहकांस विनंति

आतां शेवटचें सांगणें. दुष्काळी कामांचा इतिहास लिहिणें तुलनेनें सोपें आहे. बांध, तलाव, कालवे डोळ्यांपुढें आहेत. खर्चाचे व मजुरांचे आंकडे सरकारी अहवालांत आहेत. १८८५ सालीं निघालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत १८७६-७७ ची हकीकत आहे. सुटीच्या यादींतील माणसांची स्थिति निराळी. अहवालांत तीं केवळ एक आंकडा आहेत. त्यांचीं नांवें लिहिलीं जात तीं फक्त गांवच्या यादींत, कुळकर्ण्याच्या हातच्या मोडी अक्षरांत. वतनें खालसा झाल्यावर कुळकर्णी घराण्यांकडील कित्येक रुमाल माळ्यांवर पडून राहिले. सनदा, निवाडे, महजर यांस किंमत आहे म्हणून तीं निवडून घेतलीं जातात. दुष्काळाच्या यादीचा सुटा, मळकट, तारीख फाटलेला कागद रद्दींत जातो.

असे कागद हातीं आल्यास टाकूं नयेत, अशी आमची विनंति आहे. फसली १२८६-८७, १३०६-०७ व १३०९-१० या सालांचे रुमाल विशेष जपून पाहावे. सालाचा आंकडा फाटला असेल तर संवत्सराचें नांव उपयोगी पडेल: धाता व ईश्वर हीं पहिल्या दुष्काळाचीं, दुर्मुख व हेमलंबी दुसऱ्याचीं, विकारी तिसऱ्याचें. नांवापुढें अंध, पांगळा, म्हातारी, लेंकुरवाळी अशी एखाददुसरी खूण आणि पुढें शिध्याचें वजन असें कांहीं दिसलें, तर तो कागद दुष्काळी यादीचा असण्याचा संभव धरून निराळा ठेवावा. त्याच गांवचा कामावरचा हजेरीपट मिळाला तर दोन्ही शेजारीं ठेवून वाचावे. हजेरीपटावरील नांव कोणत्या महिन्यांत नाहींसें झालें व तें फुकट शिध्याच्या यादींत केव्हां उगवलें, किंवा उगवलेंच नाहीं, हें ताडून पाहिल्यास नियम कसा चालला याचा जो पुरावा मिळेल तो कोणत्याहि कमिशनच्या अहवालाहून अधिक खरा असेल.

राजांचीं व सरदारांचीं नांवें शिलालेखांत, ताम्रपटांत, बखरींत अनेक ठिकाणीं आहेत. एक साधन गेलें तर दुसरें सांपडतें. पाटी उचलूं न शकलेल्या म्हातारीचें नांव साऱ्या जगांत एकाच कागदावर, एकदांच लिहिलेलें असतें. तो कागद जपणें आपल्या हातीं आहे.